पाच रविवार, मागचं आवार

बुधवार, २९ जानेवारी

समितीने होकार दिला. पूर्ण नाही, पाच रविवारांपुरता. पण मिळाला.

वाचनालयामागचं मोकळं आवार कित्येक वर्षं कुलपात आहे. दोन मोठी झाडं, पाण्याची टाकी, एक बुटकी भिंत आणि बाकी नुसती माती. समितीला ते गाड्या लावायला द्यायचंय. मला वाचनालयात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेत, तरी मी भर बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले की दर रविवारी सकाळी दोन तास ते आजी-आजोबा आणि नातवंडांसाठी उघडू या. घराजवळ, उन्हात, झाडाखाली काहीतरी एकत्र करायला. 

अध्यक्षांना सगळे साहेब म्हणतात. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं असतात. ते म्हणाले, "पाच रविवार घ्या. पाचव्याला मी स्वतः येईन. निदान दहा जोड्या हजर हव्यात आणि काय काम झालं ते कागदावर हवं. नाहीतर सोमवारपासून तिथे गाड्या."

कागदाची मला भीती नाही. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिलीच.

घरी सांगितलं तर मिरचीने विचारलं, "म्हणजे मावशी, आता तुलापण साहेब म्हणायचं?" मिरची म्हणजे ताईची मुलगी. वय सात, उंची बेताची, जीभ नावाप्रमाणे. ताई रुग्णालयात नर्स आहे, रविवारी हमखास ड्यूटी. त्यामुळे मिरचीला कोणीतरी आणायचं आहेच. मी ठरवलंय, बाबांनी आणायचं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

पत्रकं छापून आली. ‘आजी-आजोबा आणि मी’ असं वर लिहिलंय, खाली दहा प्रश्न. झाडाचा घेर किती वीत? पानाची कड कशी आहे? एक गोष्ट मी मुद्दाम केली आहे. प्रश्न आजी-आजोबांनी वाचायचा, उत्तर नातवंडाने शोधायचं आणि ते लिहायचं परत आजी-आजोबांनी. मुलांना लिहायला-वाचायला शाळेत मिळतंच. इथे मोठ्यांना मान मिळायला हवा.

पहिलं पत्रक बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, बोटाने कागदाची जाडी पाहिली आणि म्हणाले, "छपाई चांगली झालीय." तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "बघू, बघू" म्हणत त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत सगळं मोठ्याने वाचून काढलं. आईला माझ्या कामात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

बाबांना म्हटलं, रविवारी मिरचीला घेऊन या. म्हणाले, "अगं, गुडघे." बाबा पस्तीस वर्षं गवंडीकाम करत होते. गुडघे गेलेत हे खरं आहे. पण आवार घरापासून पाच मिनिटांवर आहे, आणि पानाच्या दुकानावर ते रोज दहा मिनिटं चालत जातात. मी हे बोलून दाखवलं. आई म्हणाली, "मी जाते तिच्याबरोबर. त्यांच्या मागे लागू नकोस."

थोडं वाईट वाटलं. माझं पदवीचं प्रमाणपत्र याच माणसाने ओळंबा लावून, खिळा सरळ आहे ना हे तीनदा बघून भिंतीवर लावलंय. इतक्या उंच, की ते कोणालाही वाचता येत नाही. आणि माझ्या पहिल्या कामाला ते येत नाहीत.

रविवार, २ फेब्रुवारी

चौदा जोड्या. चौदा.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या आजी दोन्ही जुळ्या नातवांना घेऊन आल्या. बाजारात पोती वाहणारे हमाल आजोबा आपल्या नातीला खांद्यावर बसवून आले. नात बोलत नाही, नुसती बघते. निवृत्त शिक्षिका असलेल्या मास्तरीण आजी नातवासह वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर.

मुलांनी झाडाला मिठ्या मारून घेर मोजला. गडबड झाली ती पत्रकं भरताना. बहुतेक आजी-आजोबा चष्मा घरी विसरून आले होते. इस्त्रीवाल्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, चष्मा राहिला की टेबलावर." हमाल आजोबा म्हणाले, "माझाही." चौदांपैकी चक्क आठ जण. या वयात विसराळूपणा येतो हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

पूर्ण भरलेली पत्रकं: चार. मास्तरीण आजींचं अक्षर मोत्यासारखं.

रविवार, ९ फेब्रुवारी

नऊ जोड्या. थंडी होती, हे कारण असावं.

उत्साह वाढावा म्हणून मी गेल्या रविवारचं ‘सर्वोत्तम पत्रक’ जाहीर केलं. मास्तरीण आजींना सगळ्यांपुढे उभं केलं, टाळ्या वाजवल्या, त्यांचं पत्रक भिंतीवर लावलं आणि सांगितलं की असं भरायचं. टाळ्या जरा मंद वाटल्या.

मग खजिन्याचा शोध. झाडाच्या ढोलीत, टाकीमागे, भिंतीच्या फटीत मी चिठ्ठ्या लपवल्या होत्या. पहिली चिठ्ठी वाचून दुसरीकडे जायचं, दुसरी वाचून तिसरीकडे. हमाल आजोबांनी पहिली चिठ्ठी न उघडताच खिशात घातली आणि नातीला घेऊन थेट शेवटच्या जागी गेले. मी सकाळी खजिना पुरत असताना ते फाटकाबाहेरून बघत होते म्हणे. खजिना त्यांनाच मिळाला. नियमांबद्दल जरा बेफिकिरी आहे त्यांना. पण नात पहिल्यांदा हसली, म्हणून मी बोलले नाही.

बाकीच्यांचं मात्र पहिल्याच चिठ्ठीवर अडलं. पुन्हा चष्मे. इस्त्रीवाल्या आजींचे जुळे चिठ्ठी ओढून घेऊन स्वतःच वाचायला लागले, तेव्हा मी त्यांना अडवलं. "आजींना वाचू द्या," म्हटलं. आजी म्हणाल्या, "वाचू दे गं पोरांना." मी म्हटलं, "नाही आजी, मान तुमचा आहे." त्यांनी चिठ्ठी घेऊन कमरेला खोचली.

घरी बाबांनी विचारलं, "किती आले?" नऊ म्हटलं. "बरे आहेत की," म्हणाले आणि टीव्ही लावला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उपाय सापडला. वाचनालयात पेटी ठेवली आहे: ‘घरातले जुने, वापरात नसलेले वाचायचे चष्मे येथे द्या.’ ज्यांचा राहिला त्यांनी पेटीतला घ्यायचा. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही?

मिरची म्हणते, "मावशी, तू चष्म्यांचं दुकान काढणार?"

रविवार, १६ फेब्रुवारी

सात चष्मे. पाच जोड्या.

त्यातली एक जोडी म्हणजे आई आणि मिरची, म्हणजे खऱ्या चारच. इस्त्रीवाल्या आजी आल्या नाहीत. हमाल आजोबा आले, मी चष्म्याची पेटी पुढे केली तसे म्हणाले, "आज गाडी उतरवायचीय बाजारात," आणि नातीला घेऊन परत गेले. ती मागे वळून वळून झाडाकडे बघत होती.

उरलेल्यांनी पक्ष्यांचं पत्रक भरलं. मास्तरीण आजींनी माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. बरोबर होत्या.

मला रडू आलं, पण टाकीमागे जाऊन रडले. आईने पाहिलं असावं, कारण परत येताना ती काहीच बोलली नाही, आणि आई सहसा काहीच बोलली नाही असं होत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साहेब आज दाराशी थांबले. "कसं चाललंय?" मी म्हटलं, "ठीक." ते म्हणाले, "पत्रकं जमताहेत ना? परवा गाड्यांवाला येऊन जागा मोजून गेला."

प्रामाणिकपणे लिहायचं तर, लोकांना हे नकोच असेल असं वाटायला लागलंय. मीच कॉलेजात ऐकलेल्या भाषणांच्या जोरावर हवेत उडाले. मोठ्या माणसांना रविवारी सकाळी आराम हवा असतो, एवढी साधी गोष्ट असेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

संध्याकाळी पेटीतला सगळ्यात चांगला चष्मा घेऊन इस्त्रीवाल्या आजींच्या टपरीवर गेले. म्हटलं, हा तुमच्यासाठीच ठेवला आहे, रविवारी या. त्यांनी इस्त्री उभी केली, हात पुसले, चष्मा घातला. मी पत्रक समोर धरलं.

"दिसतंय?"

"झकास दिसतंय," त्या म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर दिसतंय. वाचता येत नाही एवढंच."

मला कळायला वेळ लागला. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "पहिल्या रविवारीही असंच होतं आणि दुसऱ्यालाही. टेबलावर कसला चष्मा राहतोय, आमच्याकडे टेबल आहे का? नातवांना माहीत नाही अजून. त्यांना वाटतं आजीला सगळं येतं. तू त्यांच्यासमोर म्हणालीस, आजींना वाचू द्या."

मी म्हणाले, "मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? तू बिचारी चष्मे गोळा करत गावभर फिरतेस."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मी कशाला बोलू? ज्याचं त्याने. पण आठ चष्मे एकाच दिवशी विसरतात का गं?"

मी बाकावर बसून राहिले. समोर कपड्यांचे गठ्ठे होते, चाळीस तरी घरांचे. एकावरही नाव नाही. मी विचारलं, अदलाबदल कशी होत नाही? त्या हसल्या. "शर्टाची कॉलर बघितली की माणूस कळतो. बावीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही."

मग मी विचारलं, "आजी, रविवारी काय करू?"

"तू काही करू नकोस. कुलूप उघड. पोरांशी बाहेर काय खेळायचं ते आम्हाला कोणी छापून द्यावं लागतं का? फक्त कागद आणू नकोस." आणि इस्त्री उचलताना म्हणाल्या, "आणि हे कोणापुढे बोलायचं नाही. शपथ आहे माझी."

मी कबूल केलं.

मान देते म्हणून मी त्यांना त्यांच्याच नातवंडांसमोर उघडं पाडत होते. सर्वोत्तम पत्रक. टाळ्या. लिहितानाही कानशिलं गरम होताहेत. मी शिकले याचा अभिमान होता, आणि शिकलेल्या माणसाला काय दिसत नाही ते दिसलंच नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल आणि आज घरोघर फिरले. सगळीकडे एकच वाक्य: "पत्रकं बंद केली आहेत, ज्याला जे येतं ते करायचं." कारण कोणीही विचारलं नाही.

जेवताना घरीही सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस." बाबा म्हणाले, "म्हणजे कागद अजिबातच नाहीत?" मी म्हटलं, अजिबात नाहीत. "मग तुझ्या साहेबाला काय दाखवणार?" मला माहीत नाही, म्हटलं. त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी चपला घालत होते तर बाबा अंगणात तयार. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, हातात खडू, मिरची बादली घेऊन मागे. "गुडघे?" मी विचारलं. "सकाळी बरे असतात," म्हणाले. कोवळ्या उन्हाचा फायदा होत असावा. आधी माहीत असतं तर वेळ सकाळचीच आहे हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं असतं.

अकरा जोड्या आल्या.

इस्त्रीवाल्या आजींनी मोठी जुनी चादर आणली. मुलांनी चारी कडांना धरायची, मध्ये चेंडू, आणि सगळ्यांनी एकदम झटका द्यायचा. चेंडू झाडाच्या फांदीला लागून आला. "झटका एकदम द्या रे, वरातीत नाचल्यासारखे एकेकटे हलू नका," असं त्या ओरडत होत्या. हमाल आजोबांनी फडक्याची चुंबळ करून एकेकाच्या डोक्यावर ठेवली, तिच्यावर वाळूची छोटी पिशवी, आणि फाटकापासून टाकीपर्यंत हात न लावता चालायला लावलं. "खाली बघायचं नाही. खाली बघितलं की ओझंही खाली बघतं." त्यांची नात तीन वेळा पोचली आणि चौथ्यांदा म्हणाली, "आता दोन पिशव्या." तिचा आवाज जाडसर आहे. आज कळलं.

आणि बाबा. त्यांनी मुलांना विचारलं, "हे आवार सपाट आहे की उतरतं?" सगळे म्हणाले, सपाट. मास्तरीण आजीही म्हणाल्या, सपाट. बाबांनी नळीत पाणी भरलं, एक टोक झाडाशी मिरचीच्या हातात, दुसरं टोक टाकीपाशी एका जुळ्याच्या हातात. नळी कितीही वाकडी असली तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, हे मुलांना आधी पटेना. त्यांनी नळी वर केली, खाली केली, पाणी हट्टाने तिथेच. मग झाडावर खडूची खूण, टाकीवर खडूची खूण, आणि दोन्हीकडे जमिनीपर्यंतचं अंतर वितीने मोजलं. टाकीकडे जमीन दीड वीत खाली निघाली.

"आता शर्यत," बाबा म्हणाले आणि झाडाजवळ बादली उलटी केली. पाणी आधी घुटमळलं, मग वाट काढत टाकीकडे निघालं आणि सगळी मुलं त्याच्या बाजूने धावली. मास्तरीण आजीपण चार पावलं धावल्या. बाबांना म्हणाल्या, "मी एकोणतीस वर्षं पाण्याची समपातळी फळ्यावर शिकवली. अशी कधी पाहिली नाही. पुढच्या वेळी नळीचं एक टोक माझ्याकडे द्या."

बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. कामावर ते असेच असतील. मी कधी त्यांच्या कामावर गेलेच नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ओळीने तीन दिवस मुलं फाटकाशी येऊन विचारताहेत, रविवार कधी. मी सांगते, रविवारी.

पण साहेबांना कागद हवाय आणि माझ्याकडे कागद नाही. मी पत्रकं स्वतः भरू शकते. अकरा पत्रकं, अकरा वेगळ्या अक्षरांत, कोणाला कळणार? हा विचार मी पूर्ण एक तास केला, हे इथे लिहून ठेवते. मग पत्रकांचा गठ्ठा मागच्या कोऱ्या बाजूने चित्रांसाठी मुलांच्या विभागात दिला.

रविवार, २ मार्च

बारा जोड्या. साहेब साडेआठला आले, फाटकाशी उभं राहून बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "संख्या ठीक. पत्रकं?"

मी म्हटलं, "पत्रकं मी बंद केली."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. चूक माझी होती."

"का बंद केली?"

"ते मी सांगू शकत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी समितीपुढे काय सांगू? बाई सांगू शकत नाहीत? हे बघा, तुमचा हेतू चांगला आहे. पण कागदावर काही नसेल तर ही नुसती मजा झाली. मजेसाठी जागा अडवता येत नाही."

चादर थांबली होती. इस्त्रीवाल्या आजी माझ्याकडे बघत होत्या. मी बोलणार नव्हते, त्यांना ते कळलं असावं. मला एवढंच वाटत होतं की आता किल्ली द्यावी लागेल.

तेव्हा बाबा टाकीकडून आले. नळीचं टोक हातातच होतं, पाणी सांडू नये म्हणून त्याच्यावर अंगठा.

"साहेब, तिला कशाला विचारता," ते म्हणाले. "मी सांगतो. मला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून बंद केली."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मला कॉलेजचा प्रवेश अर्ज आठवला, शिष्यवृत्तीचा अर्ज आठवला. मी ते समोर ठेवायचे आणि ते म्हणायचे, "काय लिहिलंय ते तू सांग, सही कुठे करायची ते दाखव." मला वाटायचं, किती विश्वास आहे यांचा माझ्यावर.

इस्त्रीवाल्या आजी म्हणाल्या, "मलाही येत नाही. घ्या." आणि जुळ्यांकडे वळून, "काय बघताय? नाही येत." जुळ्यांतला एक म्हणाला, "आम्हाला माहीत होतं." आजींनी त्याच्या पाठीत हलकेच चापट मारली.

हमाल आजोबा म्हणाले, "मला आकडे येतात. अक्षरं नाहीत."

मग आणखी दोघं. मास्तरीण आजी सगळ्यांकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी भिंतीपाशी जाऊन आपलं ते सर्वोत्तम पत्रक काढलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

साहेब बुटक्या भिंतीवर रुमाल अंथरून बसले, खिशातलं एक पेन काढलं, वही मांडीवर घेतली. "कागदावर पाहिजे म्हणालो होतो. कोणी लिहायचं ते म्हणालो नव्हतो. सांगा एकेक जण. मी लिहितो."

सव्वादोन तास चाललं. पहिलं पेन संपलं. इस्त्रीवाल्या आजींनी चादरीचा खेळ सांगताना त्यांना उठवून एक कोपरा धरायला लावला. हमाल आजोबांच्या नातीने चुंबळीचं स्वतः सांगितलं, आजोबा नुसते मान हलवत होते. साहेब मध्येच विचारायचे, "वाळू किती किलो?" आणि लिहायचे.

सगळ्यात शेवटी बाबा. ते साहेबांशेजारी भिंतीवर बसले, एक पाय लांब करून. मी समोर नळीचं वेटोळं करत होते. तेच करत राहिले. बाबांनी उतार कसा काढला ते सांगितलं, टाकीकडे दीड वीत खाली आहे आणि पावसाळ्यात पाणी वाचनालयाच्या भिंतीत मुरतं तेही सांगितलं, चर कुठून काढायचा तेही. साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर बाबांनी वही मागितली आणि मिरचीला हाक मारली.

"बघ गं, मी सांगितलं तसंच लिहिलंय का यांनी."

"अहो," साहेब म्हणाले, "चौतीस वर्षं बँकेत काढली मी."

"असतील. तपासून घेतलेलं बरं."

मिरचीने बोट ठेवून सगळं वाचलं. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "इथे एक वीत लिहिलंय." साहेबांनी बघितलं, वही घेतली आणि मुकाट्याने दीड केलं. मग सगळ्यात खाली एक ओळ लिहिली, सही केली आणि वही परत मिरचीकडे दिली.

तिने वाचलं, "आवार दर रविवारी याच कामासाठी चालू ठेवावे. गाड्यांसाठी दुसरी जागा पाहावी."

बाबा म्हणाले, "परत वाच."

"अहो, झाली की सही," साहेब म्हणाले.

"असू दे. सावकाश वाच गं. तू वाच, मी तुझ्या बोटाकडे बघतो."